यवतमाळ वरून कसं दिसतं? साखळीपासून उपग्रहापर्यंत

आजचा विषय उपग्रहाचा आहे, आणि सुरुवात मात्र मी एका थडग्यापासून करणार आहे. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. २० जानेवारी १८२३ ला तो तिथे वारला. १८०२ मध्ये मद्रासला त्याने जमिनीवर एक रेषा मोजली आणि तिच्या आधारावर त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हिंदुस्थान मोजायला घेतला. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचं कोनमापक यंत्र, ते वाहणारी माणसं, बैल आणि पालं घेऊन हा माणूस वीस वर्षं उत्तरेकडे सरकत होता. आपल्या भागात येऊन थांबला. पुढे ते काम जॉर्ज एव्हरेस्टने नेलं.

हे आधी का सांगतो? उपग्रह म्हटलं की आपल्याला काहीतरी एकदम नवं, कालपरवाचं वाटतं. पण उंचावरून जमीन बघायची आणि ती कागदावर उतरवायची, ही धडपड आपल्या भागात दोनशे वर्षांची आहे. आणि या दोनशे वर्षांत एक प्रश्न काही बदललेला नाही. मोजणारा नेमकं काय बघायला आलेला असतो? आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच. बाकी सगळा तपशील.

साखळीने काय मोजलं, काय सोडलं

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६० च्या दशकात इथे मुंबई पद्धतीची जमीन मोजणी सुरू झाली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हा हिशेब तुमच्या आजोबांना पाठ होता. आणि आज ज्याला प्लॉट घ्यायचा असतो त्यालाही पाठ असतो.

आता बघा. शेतं मोजली, त्यांना नंबर दिले, माती काळी की बरड ते पाहिलं, सारा ठरवला. पण माणसं जिथे राहतात ते गावठाण? त्याला सीमा घातली आणि आत शिरलेच नाहीत. आतली घरं, बोळ, अंगणं एकेक करून मोजली नाहीत. कारण सोपं आहे. सारा शेतावर होता, घरावर नव्हता. ज्याच्यावर वसुली नाही त्याची मोजणी नाही. गावठाणातली घरं नीट मोजायला ड्रोन यावे लागले. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात आधी प्रयोग झाला, मग २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं आपल्या गावांच्या नकाशाच्या मधोमध एक कोरी जागा होती, आणि त्या कोऱ्या जागेतच सगळी माणसं राहत होती!

हे नीट लक्षात ठेवा. नकाशा खोटं बोलत नाही, पण त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर देतो.

ठिपक्याचा इतिहास

आता आकाशात जाऊ. २३ जुलै १९७२ ला अमेरिकेने पहिला लँडसॅट सोडला. उपग्रहाचं चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं, आणि एका ठिपक्यात जे काही येईल त्याची सरासरी मिळते, आतलं वेगवेगळं काही कळत नाही. लँडसॅटचा ठिपका सुमारे ८० मीटर बाजूचा. आपल्या भाषेत सांगायचं तर ६३ गुंठे, दीड एकराहून जास्त. त्यात कपाशीचं शेत दिसेल, घर नाही. अख्खं यवतमाळ म्हणजे राखाडी रंगाचा एक डाग.

मग आपले उपग्रह आले. १९७५ ला आर्यभट्ट, १९७९ ला भास्कर. आणि १७ मार्च १९८८ ला रशियाच्या रॉकेटवरून, बैकानूरहून, आयआरएस-१ए गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटरचा, म्हणजे ५२ गुंठे. दुसऱ्याचा ३६.२५ मीटरचा, म्हणजे १३ गुंठे. त्याच १९८८ साली नागपुरात राज्याचं सुदूर संवेदन केंद्र उभं राहिलं, ज्याला आपण एमआरसॅक म्हणतो. विदर्भातच उभं राहिलं, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण त्या काळातली कामं कोणती होती? पीक, पाणलोट, जंगल, पडीक जमीन. म्हणजे पुन्हा शेतच. शहर अजून कोऱ्या जागेतच होतं.

डिसेंबर १९९५ मध्ये आयआरएस-१सी गेला, ५.८ मीटरचा कॅमेरा घेऊन. त्या वेळी नागरी उपग्रहांत जगात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. २००५ मध्ये कार्टोसॅट-१ आला, ठिपका अडीच मीटरचा. आता एका गुंठ्यात सोळा ठिपके बसायला लागले. गंमत बघा, जुन्या मोजणीत गुंठ्याचे आणेसुद्धा सोळाच. आता घर दिसलं, रस्ता दिसला, प्लॉटचं कुंपण दिसलं.

आणि २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल-२. याची चित्रं कोणालाही फुकट मिळतात. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. दृश्य रंगांतला त्याचा ठिपका दहा मीटर बाजूचा. दहा गुणिले दहा किती? शंभर चौरस मीटर. म्हणजे एक आर! तुमच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये जे क्षेत्र लिहिलेलं असतं ना, त्यातला बरोबर एक आर. गुंठ्याहून तसूभर कमी. ज्या मापात तलाठी जमीन लिहितो, त्याच मापात आज आकाशातून जमीन दिसते. दोनशे वर्षांत पहिल्यांदा दोन्ही माणसं एकाच भाषेत बोलू शकतात. बोलतात का, हा पुढचा प्रश्न.

योत-लोहारा

आता आपल्या शहराकडे येतो. यवतमाळ हे जिल्ह्याचं नाव १९०५ चं, त्याआधी हा वणी जिल्हा, इंग्रजी कागदावर ‘वून’. पण गाव जुनं. आईन-ए-अकबरीत या परगण्याचं नाव ‘योत-लोहारा’ असं आलेलं आहे. योत म्हणजे आपलं यवत, आणि लोहारा म्हणजे पलीकडचं लोहारा. नावातला ‘माळ’ हा ‘महाल’चा अपभ्रंश, असं जुन्या गॅझेटियरमध्ये दिलंय. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ही दोन गावं एकाच नावाने ओळखली जात होती.

पुढे इथे जिल्ह्याचं ठाणं आलं, १९०३ मध्ये मूर्तिजापूरहून आपली शकुंतला आली, कापसाचा बाजार वाढला, नगरपालिका आली. नगरपालिका आली की हद्द येते. हद्दीच्या आत शहर, बाहेर गाव. लोहारा बाहेर. वडगाव, वाघापूर, उमरसरा, पिंपळगाव, भोसा, मोहा, सगळी बाहेर.

आता दोन आकडे ऐका. २००१ च्या जनगणनेत यवतमाळ शहराची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या वर होती. २०११ मध्ये ती भरली १ लाख १६ हजार ५५१. म्हणजे दहा वर्षांत शहर लहान झालं!

तुम्ही हसताय. त्या दहा वर्षांत इथे राहिलेल्या प्रत्येकाला हसू येईल. मी तरुणपणी वाघापूरच्या बाजूला संध्याकाळी फिरायला जायचो, तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती. नंतर तिथे ले-आउट पडले, घरं झाली, दवाखाने झाले, मंगल कार्यालयं झाली. शहर आटलं नव्हतं. शहर हद्दीच्या बाहेर जाऊन राहिलं होतं. तिथे प्लॉट स्वस्त, कर कमी, परवानगी ग्रामपंचायतीची. जनगणना हद्दीच्या आत मोजत होती आणि शहर बाहेर वाढत होतं. पुढे हद्दवाढ झाली, ही गावं नगर परिषदेत आली. चारशे वर्षांनी योत आणि लोहारा कागदावर पुन्हा एक झाले.

उपग्रहाला मात्र हद्द दिसत नाही. नगर परिषदेची रेषा जमिनीवर कुठे आखलेली नसते. त्याला छप्पर दिसतं, डांबर दिसतं, उघडी माती दिसते. १९९० च्या दशकातलं चित्र आणि २०११ चं चित्र शेजारी ठेवा, डाग कुठल्या रस्त्यांच्या काठाने पसरला ते शाळेतलं पोरही दाखवेल. म्हणजे ज्या दहा वर्षांत आपला अधिकृत आकडा म्हणत होता की शहर घटलं, त्याच दहा वर्षांत आकाशातून रोज साक्ष मिळत होती की शहर वाढतंय. ती साक्ष कोणी काढली नाही.

‘शाश्वत’ म्हणजे काय?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला ‘शाश्वत विकास’ हा शब्द जरा खटकतोच. आमच्याकडे शाश्वत म्हणजे जे बदलत नाही ते, आणि विकास म्हणजे तर बदल. पण १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालापासून या शब्दाला एक कामाचा अर्थ आला: आजची गरज भागवताना पुढच्या पिढीच्या तोंडचं काढून घ्यायचं नाही. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बियाणं खाऊन टाकायचं नसतं, एवढंच ते.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टं ठरवली. त्यातलं अकरावं शहरांचं. त्यात एक मोजमाप आहे: शहराची जमीन ज्या वेगाने वाढते त्याला लोकसंख्या वाढीच्या वेगाने भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर ठीक. दोन आलं तर याचा अर्थ माणसं वाढली त्याच्या दुप्पट वेगाने आपण जमीन खाल्ली. जमीन उपग्रहावरून घ्यायची, माणसं जनगणनेतून.

आता हे यवतमाळला लावून बघा. नगर परिषदेची हद्द धरून २००१ ते २०११ चा हिशेब करा. वर जमीन वाढलेली, खाली लोकसंख्या घटलेली. भागाकार उणे. म्हणजे काही अर्थच नाही! सूत्र चुकलं नाही, उपग्रह चुकला नाही. चुकली ती हद्द. आणि २०११ नंतर तर जनगणनाच झालेली नाही, २०२१ ची लांबली ती आता २०२७ वर गेली. एकीकडे दर पाच दिवसांनी ताजं चित्र आणि दुसरीकडे माणसांचा आकडा २०११ चा. शहराचा विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे वीस वर्षांनी बदलायचा. पाच दिवस, दहा वर्षं, वीस वर्षं. या तीन घड्याळांचे काटे जुळवणं हेच खरं काम आहे. नुसता उपग्रह सोडून ते होत नाही.

आणि जमीन हा एकच भाग झाला. पाणी घ्या. यवतमाळचं पाणी निळोणा आणि चापडोहचं. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन्ही धरणं आटली, आणि या शहराने काय सोसलं ते इथे बसलेल्या बायांना विचारा, मी काय सांगू? टँकरची वाट बघत रात्र काढलेल्या कितीतरी जणी इथे असतील. तलावातलं पाणी उपग्रहाला फार चांगलं दिसतं, कारण पाणी अवरक्त किरण गिळून टाकतं आणि चित्रात काळंभोर उमटतं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरातच, त्या दोन तलावांचं पसरलेलं पाणी आधीच्या वर्षांशी ताडून बघता येतं. आणि त्याच चित्रात शहराची छपरं किती वाढली तेही दिसतं. पिणारे वाढले, पाणी घटलं, ही गोष्ट मे महिन्यात नळ कोरडा झाल्यावर कळायची गरज नाही. अमृत योजनेतून बेंबळ्याचं पाणी आणायचं ठरलं, ते बाभूळगाव तालुक्यातून. म्हणजे शहर वाढलं की त्याची तहान तालुक्याबाहेर जाते. शहर किती टिकाऊ, हे शहराच्या हद्दीत बसून मोजताच येत नाही.

उलट बाजूही बघा. २२ जुलै २०२३ ला याच जिल्ह्यात पाऊस असा कोसळला की वस्त्यांत पाणी शिरलं, आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर पाठवावं लागलं. त्या दिवशी साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला काय दिसलं असतं? ढग. ढगातून बघायला रडार लागतं, त्याचे उपग्रह वेगळे. आपला रिसॅट-१ हा २०१२ चा, युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ चा. पण पुराच्या दिवशी चित्र मिळण्यापेक्षा नाल्याच्या काठी घर उभं राहतंय हे चार वर्षं आधी दिसणं महत्त्वाचं, आणि ते साध्या चित्रातही दिसतं.

धूर आणि आग

आता थोडं माझ्या विषयाचं. न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत. त्यातली तीन आज आपल्या कामाची: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग असणार, हे अनुमान. विश्वासाच्या माणसाने सांगितलं ते शब्द.

उपग्रहाचं चित्र यातलं कोणतं? आपण फसतो ते इथे. ते फोटोसारखं दिसतं म्हणून आपल्याला प्रत्यक्ष वाटतं. ते प्रत्यक्ष नाही, अनुमान आहे. उपग्रहाला घर दिसत नाही. जमिनीवरून परत आलेला उजेड किती, आणि कोणत्या रंगाचा, एवढंच तो नोंदवतो. त्यावरून संगणक ठरवतो की हे घर, हे शेत.

आणि हेतू सदोष असला की अनुमान फसतं. सिमेंट आणि पत्रा ज्या पट्ट्यात जास्त उजळ दिसतात, त्याच पट्ट्यात कोरडी उघडी मातीही उजळ दिसते. आपला जिल्हा कापसाचा. वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली, की शेत जूनपर्यंत उघडं. एप्रिल-मे महिन्यातलं चित्र घेऊन बांधकाम शोधायला बसलात, तर संगणक अर्ध्या तालुक्याला शहर म्हणेल! तेच चित्र ऑक्टोबर-नोव्हेंबरचं घ्या, शेत हिरवं आणि छप्पर वेगळं. हे हैदराबादला बसलेल्या हुशार मुलाला सांगावं लागतं, कारण पऱ्हाटी कधी उपटतात हे त्याच्या पडद्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून या शास्त्रात जमिनीवर जाऊन पडताळा घेतात. म्हणजे अनुमानाला प्रत्यक्षाचा आधार लागतोच.

तिसरं, शब्द. म्हणजे आपला सातबारा, नगर परिषदेचा दाखला. त्यात एखादा प्लॉट अकृषक, निवासी म्हणून लिहिलेला असतो, आणि जागेवर बाभळी वाढलेल्या असतात, कारण मालकाने तो भाव वाढेपर्यंत ठेवून दिलाय. उपग्रह म्हणतो झुडूप, कागद म्हणतो घर. दुसरीकडे कागद म्हणतो शेत, आणि उपग्रह म्हणतो तीस छपरं. यातला एकच साक्षीदार खरा मानायचा नसतो. तिघांना समोरासमोर उभं करायचं असतं.

साक्ष कोणाच्या बाजूने?

आता शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. उपग्रहाचं चित्र जागा दाखवतं, तशी तारीखही दाखवतं. आणि आपल्याकडे तारखेवर माणसांची घरं टिकतात किंवा पडतात. २००१ चा गुंठेवारी कायदा त्या वर्षीच्या १ जानेवारीपूर्वीच्या प्लॉटांसाठी होता, २०२१ मध्ये ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० केली. सरकारी जागेवरची राहती अतिक्रमणं नियमित करायला २०१८ मध्ये तारीख ठरली १ जानेवारी २०११. म्हणजे प्रश्न हाच: त्या दिवशी तुमचं घर होतं का?

ज्याच्याकडे वीजबिल आहे, करपावती आहे, त्याला अडचण नाही. पण मजुरी करणारी बाई, जिच्या झोपडीवर पावती नाही, तिने काय दाखवायचं? जुनं चित्र तिच्या बाजूने साक्ष देऊ शकतं. पण आत्ताच आपण पाहिलं, ठिपका किती मोठा आणि संगणक कुठे फसतो ते. तीस-चाळीस चौरस मीटरची झोपडी दहा मीटरच्या ठिपक्यात हरवते. चित्रात दिसली नाही म्हणून ती नव्हतीच, असं कोणी म्हणालं तर तो तर्कदोष आहे. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे! हे वाक्य मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. आता ते पाडकामाच्या नोटिशीपर्यंत पोहोचायला हवं.

आणि नजर कोणावर, हेही बघा. वणीकडच्या उघड्या कोळसा खाणी घ्या. मोठ्या खाणींवर २००८ पासून दरवर्षी उपग्रहातून लक्ष ठेवलं जातं: किती खोदलं, किती बुजवलं, किती झाडं लावली. कोल इंडियाचीच रांचीची संस्था ते करते आणि अहवाल तयार होतो. तो अहवाल पुरेसा आहे का, यावर वाद घाला, पण दरवर्षीची शिस्त तरी आहे. त्याच वणीला लागून राजूर, गणेशपूर, चिखलगाव वाढले. २०११ मध्ये जनगणनेने त्यांना शहर म्हटलं आणि कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला. खाणीच्या खड्ड्याचा वार्षिक हिशेब, आणि माणसांच्या वस्तीचा नाही. मघाशी म्हटलं ना, मोजणारा काय बघायला आलाय हे बघा.

काय करता येईल? मला मोठी योजना सुचवायची नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, हिरवं शेत आणि छप्पर वेगळं दिसतं तेव्हा, शहराचं आणि भोवतीच्या गावांचं एक चित्र काढावं. हद्दीची रेषा न आखता. शेजारी मागच्या वर्षीचं. आणि ते प्रभागात, ग्रामसभेत भिंतीवर लावावं. चित्र फुकट आहे, छपाईला पैसे किती? लोक येतील आणि बोट ठेवून सांगतील: इथे नाला होता. इथे आमची विहीर होती. हे घर नाही, हा गोठा आहे. हाच पडताळा. अनुमान, शब्द आणि प्रत्यक्ष एका भिंतीसमोर आले की खरी गोष्ट कळायला लागते.

आपल्याकडे म्हणतात, कळतं पण वळत नाही. उपग्रहाने त्याच्याही आधी एक पायरी घातली आहे: दिसतं. लॅम्ब्टन वीस वर्षं यंत्र ओढत होता ते दिसावं म्हणून. आज एक आर जमीन पाच दिवसांत दिसते. दिसण्याचं काम झालं. कळण्याचं आणि वळण्याचं काम कुठलाही उपग्रह करणार नाही, ते तुम्हाआम्हाला करायचंय.

थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.